काखेतली नळी

४ फेब्रुवारी, बुधवार
आज परत खेकसली! "प्रोफेसरच्या अंगावर जर्नल फेकून कॉलेज सोडणारा हाच ना?" सगळ्या लॅबसमोर! मी सॅम्पल आणून देणारा, ती टेक्निशियन, म्हणून काय झालं? सप्टेंबरात कामाला लागलो तेव्हा हसून बोलायची. गेले पंधरा दिवस नुसती आग. आणि मी मूर्ख, अजून तिच्यावरच मरतो.
मग जाता जाता म्हणाली, "उद्या सकाळी घरी ये."
पाच मिनिटं हवेत!
"बाबांचं रक्त न्यायचंय."
झालं.

५ फेब्रुवारी
तिचे बाबा शीतगृहात फोरमन. दिवसभर गारठ्यात. पायांवर जांभळे ठिपके, गुडघे धरलेले, लघवीला फेस. जिना उतरताना दोनदा बसले. "वय झालं रे," म्हणाले. "ऑक्टोबरात हीच टेस्ट केली, काही निघालं नाही. गेलो परत कामावर. आता ही पंधरा दिवस मागे लागलीय, परत करा, परत करा."
तिनं रक्त काढलं. नळी माझ्या हातात. "काखेत धर. गार होता कामा नये."
"थर्मास?"
"त्यात डॉक्टरांचा चहा असतो. धर!"
बसमध्ये दांडा धरता येईना. एका आजींनी हात अधू समजून जागा दिली. ती घेतो तोवर एक टोणगा माझ्या पायावर उभा, आणि वर मलाच म्हणतो, "सरक की!" एरवी कानाखाली वाजवली असती. पण हात उचलला तर नळी खाली! "सॉरी," म्हणालो. मी!

६ फेब्रुवारी
रक्तातलं पिवळं पाणी वेगळं करून तिनं फ्रिजमध्ये ठेवलं. आठवडाभर वाट बघायची. मी विचारलं, कशाची? आज चक्क नीट सांगितलं.
अँटिबॉडी म्हणजे पोलीस. चोराला मिठी मारतात. एरवी शरीर अशा जोड्या झाडून काढतं. पण फारच झाल्या की झुबके होऊन रक्तात फिरत राहतात आणि बारीक गल्ल्यांत अडकतात — कातडीत, सांध्यांत, मूत्रपिंडात. मग मागून फौज येते आणि त्या नादात घरंच फोडते. चोराहून जास्त नुकसान फौजेचं! (जर्नल मी प्रोफेसरवर फेकलं, फुटली ती खिडकी.)
बाबांच्या रक्तात असले झुबके असतील तर फ्रिजच्या थंडीत नळीच्या तळाला पांढरा साका बसेल. मात्र पाणी वेगळं करायच्या आधीच नळी गार झाली, तर ते गोठलेल्या रक्तातच अडकतात. वरचं पाणी स्वच्छ. रिपोर्ट — काही नाही.
ऑक्टोबरातली नळी मीच आणली होती. बर्फाच्या पेटीतून! तिच्यावर छाप पाडायला जादा बर्फ घालून!

७ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. आई म्हणते, "प्रेमात पडलायस की कुणी बदडलंय?" एक झालंय, दुसरं व्हायचंय.

९ फेब्रुवारी
सकाळी देवाला म्हटलं, नळी स्वच्छ राहू दे, माझी चूक झाकली जाईल. दुपारी जिन्यात बसलेले बाबा आठवले. झुबके असतील तर गारठ्यात एकेक दिवस वाईट. मागणं परत घेतलं. देव वैतागला असणार.

१० फेब्रुवारी
फ्रिज चौदा वेळा उघडला. डॉक्टर म्हणाले, "आत सिनेमा लागलाय का?"

११ फेब्रुवारी
तळाला पांढरं! नखाएवढं, पण पांढरं!
"ऊब दिल्यावर विरघळलं तरच खरं," ती म्हणाली आणि नळी परत माझ्या काखेत खुपसली. ऊब द्यायचं यंत्र आहे लॅबमध्ये. मी बोललो नाही.
अर्धा तास तसाच उभा. काढली तर पाणी स्वच्छ. म्हणजे नक्की झालं! डॉक्टरांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली — गारठ्यातलं काम बंद, उद्यापासून उपचार.
मी सांगून टाकलं. सगळं, जादा बर्फासकट.
ती पांढरीफटक. दार आपटून गेली.
संपलं.

१२ फेब्रुवारी
जिन्यात थांबली होती. "बर्फाचं सोड. ऑक्टोबरात तू यायच्या आधी तासभर नळी आमच्या फ्रिजमध्ये होती. मीच ठेवली होती. तीन आठवड्यांपूर्वी पुस्तकात वाचलं, तेव्हा कळलं." मग माझाच रुमाल घेऊन नाक पुसलं. "तुझ्यावर ओरडले की तेवढा वेळ ते आठवत नाही. आता बाबांना काय सांगू?"
"दोघं जाऊन सांगू."
निघालो. कोपऱ्यावर म्हणाली, "अरे, हात खाली सोड. काखेत काही नाहीये."