दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. आपल्याकडे पाहण्यासारखं काय काय आहे ते कळव, म्हणतेस. इथेच जन्मलीस, इथेच वाढलीस आणि आता तिकीट काढून पाहुणी होऊन येणार! बरं, ऐक तर.

खाण बंद पडून अकरा वर्षं झाली, आता तिला वारसास्थळ म्हणायचं. खाणीचं तोंड सिमेंट ओतून बुजवलं आणि शेजारी नवी लिफ्ट बसवली. ती उतरते जेमतेम एक मजला, पण अशी गदागदा हलवतात, की शहरी मंडळी पाताळात पोचल्यासारखी किंचाळतात. खाली भिंतींना काळा रंग फासलाय, कारण खऱ्या कोळशाने कपडे खराब होतात अशी तक्रार आली. पाळीवरून आलेली माणसं जिथे एकमेकांच्या पाठी घासायची, त्या न्हाणीघरात कॉफीचं दुकान आहे. दगडमातीच्या ढिगाऱ्यावर गवत लावलं, झाली टेकडी! उद्या माझ्या खोकल्यालाही तिकीट लावतील.

हे सगळं बघ, पोटभर हस आणि घरी जेवायला ये. पाळीला जाताना टोपीचे दिवे घ्यायचे त्या दिव्यांच्या खोलीत मात्र जाऊ नकोस, तिथे बघण्यासारखं काही नाही.

लोभ आहेच. तो वाढवायचं माझं वय गेलं, आहे तेवढा सांभाळ.

तुझा दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

परवा न जेवता तशीच परत गेले, त्याबद्दल आधी कान धरते. तू नको म्हणालास म्हणून दिव्यांच्या खोलीत आधी गेले. माझी खोड तुला ठाऊकच आहे.

ते दोन जुने फळे तिथेच आहेत, 'वर' आणि 'खाली'. उतरताना माणसाने आपला बिल्ला 'खाली'च्या खिळ्याला अडकवायचा, वर आला की स्वतःच्या हाताने 'वर' न्यायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबा स्फोटात खाली राहिले, हाती लागलेच नाहीत, म्हणून त्यांचा दोनशे चौदा नंबर कायम 'खाली'च लटकला. तू हजेरीबाबू असताना त्याला हलवायची कुणाची छाती झाली नाही.

आणि आता तो 'वर', घासूनपुसून चकचकीत! जणू बाबा पाळी संपवून घरी गेले. तिथल्या व्यवस्थापक बाईंना विचारलं, तर म्हणे त्यांना यातलं काही ठाऊकच नाही. कसं असेल? खाण म्हणजे त्यांच्या लेखी दिवाणखान्यातलं शोपीस. आई शेवटपर्यंत दाराला आतून कडी लावू देत नव्हती, ते या दीडशहाण्यांना काय कळणार!

मी थेट मोठ्या साहेबांकडे तक्रार दिली. ते बाईंना काढून टाकणार आहेत. टाकू देत. तूही सही करून पाठव.

राग तुझ्यावर नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

सही करणार नाही. बाईंना अक्कल बेताचीच, पण या कामात त्या चुकलेल्या नाहीत. मला बोलावून, विचारून त्यांनी एकेक बिल्ला जागच्या जागी लावला होता. बाबांचाही.

तो मी हलवला.

खाणीच्या तोंडात सिमेंट ओतलं तेव्हा मी तिथे उभा होतो. गाड्यांवर गाड्या रित्या होत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच, की आता बाबांना वर यायला वाटच उरली नाही. सत्तावीस वर्षं मी त्या फळ्याचा रखवालदार, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणाऱ्याची गचांडी धरणारा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं. बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि 'वर' अडकवला. खिळा दोनदा चुकला. घरी येऊन लहान मुलासारखा रडलो. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून तिकडे जाऊ नको म्हणालो.

साहेबांना हे सगळं कळवलंय. बाईंची नोकरी राहील, तू तेवढी तक्रार मागे घे. बिल्ल्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं, असं ते म्हणाले. तू म्हणशील तसं होईल. पण बाबांना परत खाली पाठवायचं असेल, तर तू ये आणि तुझ्या हाताने पाठव. माझ्याने होणार नाही.

दादा