पाठमोरी

बुधवार, ता. १४

प्रिय धाकट्या,

पुष्कळ आशीर्वाद. तू बरा आहेस का, हे विचारत नाही. परवा टीव्हीवर मुलाखतीत दिसलास, गाल चांगले वर आले आहेत. पण तो निळा कोट खांद्यात ओढतो. कोणी शिवला? त्याला म्हणावं, मशीन विक आणि दुसरं काहीतरी बघ.

इकडचं म्हणशील तर दुकानात नवी इस्त्री आणली. तुझ्या दाजींचा गुडघा अजून कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त. जिन्यातल्या दिव्याचं काम झालं एकदाचं. तुझी लाडकी भाची खारू घरीच आहे. कॉलेजला जात नाही.

फोन का केला नाही म्हणशील. वाच, कळेल.

तुझ्या ‘यान चुकलं’ मालिकेने माझ्या दुकानाला बरकत दिली, हे आधी लिहून टाकते, म्हणजे मी उपकार विसरले असं व्हायला नको. कप्तानाचा नारिंगी डगला, डावी बाही कोपरापासून तुटलेली, पाठीवर गोल चकती. वर्षभर मी तेच शिवते आहे. एक दातांचा डॉक्टर येऊन दोन शिवून घेऊन गेला, एक रुग्ण तपासताना घालायला. धडधाकट बाही कापायची आणि मग ती फाटल्यासारखी दिसावी म्हणून तासभर दोरे ओढत बसायचं! आबा असते तर म्हणाले असते, पोरी, तुला वेड लागलं का. पहिला डगला खारूचा. ती तो घालून झोपायचीसुद्धा.

मीही काही कमी नाही. तो म्हाताऱ्या आचाऱ्याचा भाग मी कितीदा पाहिला असेन. दोर सुटून तो यानापासून लांब लांब जातो आणि रेडिओवरून ओरडत राहतो, भांडं उतरव, झाकण ठेव, मेल्यांनो जाळाल सगळं. आवाज बारीक होत होत संपतो. मी हसून हसून रडले आणि मग नुसतीच रडले. ते आपले आबा होते. अंथरुणावरून उठता येत नव्हतं आणि तिथून तुला नळ कसा घट्ट करायचा ते शिकवत होते. मी तेव्हाच्या नोकरीचं कारण सांगून संध्याकाळी यायचे. दिवसभर त्यांच्या उशाशी तू असायचास. हे मला माहीत आहे. बाईंना माहीत नव्हतं.

बाईंबद्दल आता लिहायलाच हवं.

दुकानासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. साप्ताहिकात टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर लिहायच्या आणि कोणालाच सोडायच्या नाहीत. माझ्याकडे प्रत्येक कपड्याला आतून खिसा लावून घ्यायला यायच्या, चष्म्यासाठी. टाका जरा तिरका गेला की उसवायला लावायच्या. माझं त्यांचं फारसं पटत नसे. त्यांच्या नाकावर माशी बसत नसे आणि माझ्याही.

त्यांनी आचाऱ्याच्या भागावर लिहिलं, की मरणाची अशी थट्टा करणाऱ्या लेखकाने मरणारं माणूस जवळून पाहिलेलं दिसत नाही. मला इतका राग आला की टेप गळ्यात तसाच ठेवून मी त्यांच्या दारात गेले. आबांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग त्याने वडिलांवरच लिहावं की. मध्ये यान कशाला?” मी म्हटलं, तुमच्या अंगात विनोदाचा थेंब नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. चहा दिला मात्र. चांगला होता.

त्यांनी लिहिलं ते चुकीचं होतं, धाकट्या. आजही मी तेच म्हणेन.

मग तू चाहत्यांच्या मेळाव्यात त्यांचं ते वाक्य वाचून दाखवलंस. तुझा आवाज भरून आला, सभागृह उठून उभं राहिलं, खारूही होती तिथे. तू कोणाला काही करा म्हणाला नाहीस, हे मी भेटेल त्याला सांगत आले आहे. पण दुसऱ्या दिवसापासून बाईंची पत्रपेटी त्यांच्याच लेखाच्या कात्रणांनी भरू लागली. फोन करून कोणी नुसतं हसायचं. साप्ताहिकाने दोन अंक चाहत्यांची पत्रं छापली, मग घाबरून बाईंचं सदर बंद केलं. आणि मग पोरं पाठ करून उभी राहायला लागली.

ते तुझंच. यानाला नावं ठेवणाऱ्याकडे सगळ्यांनी पाठ करायची, तो माफी मागेपर्यंत. आणि जो आधी वळेल त्याने महिनाभर संडास धुवायचे. मालिकेत किती हसलो आपण त्याला! तुझा कप्तान दर वेळी आधी वळतो, त्याला राहवतच नाही. या पोरांनी बाकी सगळं उचललं, तेवढंच उचललं नाही. वाण्याच्या दुकानात बाई शिरल्या की आखूड बाह्या भिंतीकडे तोंड करायच्या. बसथांब्यावर तेच. मग रविवारी सकाळी त्यांच्या इमारतीच्या दारासमोर रांग लागायला लागली. मी दुकानाच्या काचेतून पाहायचे. मला ते जरा गमतीचं वाटलं, लपवत नाही. पंचवीस पाठी बाईंच्या दाराकडे, आणि प्रत्येक पाठीवर मी शिवलेली चकती.

चार तारखेच्या रविवारी माझं दुकान बंद होतं. बाई औषधाची रिकामी बाटली घेऊन नवी आणायला खाली उतरल्या आणि दारातल्या पायऱ्यांवर कोसळल्या. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस कोपऱ्यावरून वळला तेव्हा त्याला दिसल्या. तो ओरडला तेव्हा पोरं वळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर. इतकंच. सोमवारी बाई गेल्या.

हे सगळं तू पेपरात वाचलंसच. मालिका बंद करा म्हणणाऱ्यांचे लेख वाचलेस, आणि कप्तानाशी पंगा घेतला की असंच व्हायचं, असं लिहिणारेही वाचले असशील. मुलाखतीत तू म्हणालास, “प्रेम कधी कधी मर्यादा ओलांडतं.” छान वाक्य आहे.

पोलीस घरोघर फिरले. आमच्याकडेही आले. खारू म्हणाली, “आमच्यातल्या एकाने गाणं लावलं होतं, आणि गाण्याच्या नादात मागचं जगच बंद झालं होतं.” मी चहा ठेवत होते, ते वाक्य कानाला खटकलं. नंतर तिच्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं, त्यांच्याकडेही तेच, शब्दनशब्द. वरच्या गल्लीतल्या मुलानेही तेच. अरे, घाबरलेली पोरं असं बोलतात का? ती अडखळतात, एक जण एक सांगतो, दुसरा दुसरंच. ‘मागचं जगच बंद झालं होतं’! लहानपणापासून तुझे निबंध मी तपासले आहेत. तुझं वाक्य मला अंधारात दिलं तरी ओळखू येईल.

तिला काही विचारलं नाही मी. काल ती दुकानात माझ्याशेजारी बसून डगल्याची चकती उसवत होती. उसवता उसवता म्हणाली, “आई, गाणं नव्हतं गं.”

रांगेत बाईंच्या सगळ्यांत जवळ तीच उभी होती. आधी बाटली फुटल्याचा आवाज आला. मग धप्पकन. कोणीतरी म्हणालं, नाटक आहे, वळू नका. दुसरं कोणी खुदकन हसलं. आणि मग बाईंचा आवाज आला, अगदी हळू. “तू शिंपीणबाईंची मुलगी ना? जरा बघ गं इकडे.”

पाठीवरून ओळखलं होतं त्यांनी. खारू म्हणते, बाईंनी दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा शब्द नीट लागले नाहीत. वळले असते तर सगळे मला हसले असते, म्हणते. माझी सतरा वर्षांची मुलगी हे सांगताना चकतीचे दोरे वेचून एका बाजूला ठेवत होती, आणि मी तिला जवळ घ्यायचं सोडून त्या दोऱ्यांकडेच बघत राहिले. नंतर घेतलं जवळ. खूप वेळ.

हेच तिने त्याच रविवारी दुपारी तुलाही सांगितलं होतं. मला सांगायच्या आधी तुला, कारण तू तिचा मामा, तिचा देव. आणि तू तिला ते वाक्य दिलंस. वर म्हणालास, सगळ्यांना पाठ करायला सांग, एकही शब्द बदलू नका. तिला वाचवायला केलंस की मालिकेला, हे तुझं तुला ठाऊक. मला दोन्ही खरं वाटतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढतो. ती जेवत नाही, धाकट्या. घास तोंडात ठेवते आणि विसरते. त्या वाक्यासकट तिने जन्म काढायचा का? तुला पुढचा भाग लिहायचा असतो, तू पुढे जाशील. ती कुठे जाईल?

येत्या सोमवारी सकाळी आम्ही दोघी आधी बाईंच्या भावाकडे जाणार आहोत आणि तिथून पोलीस चौकीत. जे ऐकलं ते ती सांगणार आहे. तू काय शिकवलंस तेही. तुझं नाव गाळ, असं मी तिला सांगणार नाही. दाजी म्हणाले, पोरीचं नुकसान होईल. होईल. मी तिच्याशेजारी उभी राहीन. पत्र तुला शनिवारपर्यंत मिळेल. यायचं असलं तर रविवारी ये, खोली आवरून ठेवते. नाही आलास तर आम्ही वाट बघत थांबणार नाही.

तुला कळवते आहे, असं मी खारूला सांगितलं. तिने उसवलेले दोरे कागदात गुंडाळले. मग म्हणाली, “कळव. पण मामाचा फोन आला तर मला देऊ नकोस. तो मला हसवेल, आणि मी हसेन.”

तुला हातांवर वाढवलेली, आणि सोमवारी तुझ्याविरुद्ध चौकीत बसणारी,

ताई