वेळेआधी बुडवलेले शिंपले

४ मार्च

एका गमबुटाची खरी किंमत: बूट एक. मोजा एक. शोधायला दोन गडी आणि अख्खी ओहोटी. शिवाय माझा रुबाब— तो तर बुटाच्याही आधी चिखलात गेला! मी एका पायावर उभा राहून हुकूम सोडत होतो आणि बायका तोंडं फिरवून हसत होत्या. बूट नाही सापडला तो नाहीच.

दुसरा घरी आणला. ही म्हणाली, "जपून ठेवा. पुढच्या वेळी हरवायला होईल."

६ मार्च

आयुष्यभर धक्के बांधले, भिंती बांधल्या. आता कालवांसाठी घर बांधतोय!

खाडीतली कालवं ओरबाडून ओरबाडून संपत आली. म्हणून एका संस्थेने हे काम काढलंय आणि शास्त्रज्ञ बाई पाठवल्यात— वय माझ्या मुलीचं, बोलणं माझ्या आजीचं. खानावळींतून रिकामे शिंपले गोळा करायचे, वाळवायचे, जाळीच्या पिशव्यांत भरायचे आणि ओहोटीच्या पट्ट्यात रचायचे. कालवाची पिल्लं पाण्यात तरंगत येतात, टणक काही मिळालं की चिकटतात. मग जन्मभर जागचं हलायचं नाही. कायमची नोकरी लागल्यासारखं.

अट एकच. पट्ट्यातली उरलीसुरली कालवं वर्षभर कुणी काढायची नाहीत. त्यावरच ज्यांचं पोट, त्या बायकांना हे सांगणार कोण? माझी थोरली बहीण. मी खाडीतून वर आलो, कंत्राटदार झालो. अक्का अजून रोज चिखलात उतरते. बायका ऐकेनात तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाळ्या म्हणतोय ना? मग होईल."

बाळ्या म्हणजे मी. वय बासष्ट.

आता त्या सगळ्याजणी मासळीच्या शेडमध्ये बर्फ फोडतात, पिशव्या भरतात आणि वाट बघतात. पहिल्या हंगामात पिल्लं बसली नाहीत तर पट्टा पुन्हा खरवडणार. त्यानंतर खरवडायलाही काही उरणार नाही.

११ मार्च

बाई म्हणाल्या, "घाई नको. पिल्लं एप्रिलच्या अखेरीला येतील. पिशव्या त्याच्या जेमतेम आधी टाकू."

मी म्हटलं, "बाई, तीस वर्षांत माझं एक काम उशिरा झालेलं नाही. पाहुणे यायच्या आत घर तयार पाहिजे."

"फार आधी झाडून ठेवलेल्या घरात धूळ बसते."

बोलण्यात हुशार आहेत. पण भिंत कधी बांधलीय त्यांनी?

२० मार्च

झालं! बाई आठवडाभर दुसऱ्या खाडीवर गेल्या होत्या. त्या यायच्या आत सगळ्या पिशव्या पाण्यात! काठावर फलकही लावला, पिवळ्यावर काळी अक्षरं: 'काम वेळेआधी पूर्ण.' दोनदा लांबून बघून आलो. लांबूनही वाचता येतो.

फक्त अक्काचा वाटा राहिलाय. सगळ्या उठून गेल्या तरी ही आपली पिशव्यांच्या ढिगाशी मान खाली घालून बसलेली.

"अक्का, तुला लग्नालाही असाच उशीर झाला होता."

"नवरा टिकला ना पण?"

मी तिसऱ्यांदा फलक बघून आलो.

२३ मार्च

बाई परत आल्या. फलक वाचला. मग पाण्याकडे बघितलं. मग पुन्हा फलक वाचला. मला ते आवडलं नाही.

२२ एप्रिल

अक्काच्या पिशव्या आज आल्या!! महिना उलटून गेल्यावर! माझ्या सरळ रांगेत त्या कुठे घालणार? फलकाच्या पलीकडे, पार टोकाला टाकायला लावल्या. कामाच्या नोंदीत धरल्या नाहीत. अक्काला म्हटलं, "तुझ्यामुळे फलक खोटा ठरायचा." ती म्हणाली, "मग खोड की."

३ मे

रांगेत हात घालून बघितला. बुळबुळीत लागतंय. चांगलं लक्षण असावं.

२९ मे

चांगलं लक्षण नव्हतं.

बाईंनी पहिली पिशवी फोडली. शिंपल्यांवर गाळ आणि शेवाळ, ओल्या साबणासारखा थर. दुसरी फोडली. मधली. शेवटची. पिल्लू एक नाही.

"त्यांना चिकटायला स्वच्छ शिंपला लागतो," बाई म्हणाल्या. "महिनाभर आधी पाण्यात गेला की थर धरतो."

"म्हणजे लवकर झालं?"

"लवकर झालं."

तीस वर्षांत हे वाक्य तक्रार म्हणून पहिल्यांदाच ऐकलं.

परतताना बूट सापडला. त्यावरही पिल्लू नाही. थर मात्र छान धरलाय.

३० मे

माझे कान तिखट, हा काही माझा दोष नाही. शेडच्या मागून जात होतो. आत बायका जमलेल्या. त्यांतली एक घोगऱ्या आवाजाची म्हणत होती, "रविवारी उतरू या. हिच्या भावाचा शब्द काय शिजवून खायचा?"

मला वाटलं, अक्का आता माझी बाजू घेईल. नाहीतर शिव्या तरी घालेल. तिने दोन्हींतलं काही केलं नाही.

"उतरा," म्हणाली. "मी नाही उतरणार. तुम्हाला थांबा म्हणणारी मीच होते."

आणि तिने आपली कालवं फोडायची सुरी घोगरीच्या हातात दिली. लाकडी मुठीची. आईची.

घरी आलो. हिने कप पुढे ठेवला. चहात साखर नव्हती. तसाच प्यालो.

३१ मे

शेडमध्ये गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, "घाई मी केली. बाईंचं ऐकलं नाही. अक्काला बोल लावू नका."

घोगरी म्हणाली, "अहो, ते आम्हाला माहीत आहे. पुढचं बोला."

मी अक्काकडे बघितलं. अक्का बर्फ फोडत होती. वर बघितलं नाही.

१ जून, शनिवार

फलक काढायला गेलो होतो. बाई मागून म्हणाल्या, "पलीकडे टोकाला त्या कुणाच्या पिशव्या?"

"त्या धरू नका. उशिरा आल्यात."

त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या, एक पिशवी उचलली आणि तिथूनच ओरडल्या— आजीसारख्या नाही, पोरीसारख्या. एकेका शिंपल्यावर पिल्लं! शर्टाच्या बटणाएवढी, दाटीवाटीने. बायका शेडमधून धावत आल्या. घोगरीने पिशव्यांत हात घालघालून खात्री केली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या कुणी उतरायचं नाही." सुरी अक्काला परत दिली.

मी अक्काला विचारलं, "पण तुला एवढा उशीर लागलाच कसा?"

"तू मला सगळ्यांच्या उरलेल्या पिशव्या दिल्या होत्यास, बाळ्या. सगळ्या फाटक्या. शिवत बसले होते."