मी फक्त काठी धरली होती

ग्लेन आर्डाव, सोमवार सकाळ

प्रिय टॉर्क्विलदादा,

धाकट्या मर्डोचा प्रेमाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कॅनडातल्या थंडीने आणखी धरला असेल, तर हट्ट सोड आणि डॉक्टरकडे जा. वहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार. इकडे एफीचा खोकला गेला, मेंढ्या होत्या तेवढ्याच आहेत आणि नदीला यंदा बरं पाणी आहे. पत्राला तसं विशेष कारण नाही. पण आता जे सांगतो ते तुझ्यापाशीच ठेव. वहिनींनाही नको (अगदीच राहवलं नाही तर त्या झोपल्यावर सांग).

गेल्या आठवड्यात नदीच्या मालकीणबाईंनी लीड्सचे एक दातांचे डॉक्टर माझ्या गळ्यात बांधले. पेटिफर त्यांचं नाव. मासे धरायला आठवडाभर नदीचा आपला तुकडा भाड्याने घेतला होता. सहा दिवसांत त्यांच्या गळाला झाडं लागली, माझी टोपी लागली, एकदा स्वतःचा कान लागला; सॅमन मासा तेवढा लागला नाही. शनिवारी मी सुटलो म्हणतोय, तर हे म्हणतात, "मर्डो, उद्या ट्राउट धरू या. ट्राउटला रविवारी बंदी नाही ना?" नाही. रविवारी सॅमन धरणं गुन्हा, ट्राउट धरणं नुसतं पाप. मी चर्चचा एल्डर, पंचांपैकी एक, म्हणून स्पष्ट सांगितलं की मालकीणबाईंचा हुकूम आहे तर सोबत येईन, पण शब्बाथच्या पवित्र दिवशी गळाच्या काठीला बोट लावणार नाही. आणि दादा, लावलं नाही. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत.

तेव्हा आम्ही विधवेच्या डोहावर होतो आणि डॉक्टरांना लघुशंका आली. "मिनिटभर धरा हो एवढं," म्हणत त्यांनी काठी माझ्या हातात कोंबली आणि गेले झुडपामागे. आता एखाद्याने काठी हातात दिली तर ती काय पाण्यात फेकून द्यायची? मी फक्त धरली. पिसांच्या नकली माशीसकट दोरी त्यांनीच टाकलेली होती (काठीचं टोक मी किंचित हलवलं असेल, हल्ली हात थरथरतो). आणि तेवढ्यात डोहाने ती काठी अशी ओढली की माझे दोन्ही खांदे पुढे गेले.

कायदा मला पाठ आहे. रविवारी चुकून सॅमन लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. दोरी कापायची कात्री माझ्या गळ्यातच लटकत होती आणि हात तिच्याकडे गेलाही. पण मासा वळला, त्याची पाठ मला दिसली आणि हात गुपचूप रिळावर आला. बाबांनी एकेचाळीस वर्षं ही नदी राखली, त्यांचा सर्वांत मोठा चोवीस पौंडांचा. तुझा सव्वीसचा (दर नाताळच्या पत्रात तो असतोच, विसरायची सोय नाही). आणि मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या माशांखाली जाळं धरलं, दुसऱ्यांचे फोटो काढले. तूच सांग, कात्री चालवली असतीस?

डॉक्टर पँट सावरत धावत आले. "अहो, काठी माझी आहे! द्या इकडे!" आजवर मी कुठल्याही पाहुण्यावर आवाज चढवलेला नाही. म्हणालो, "गप्प बसा साहेब, आणि जाळं घ्या." बिचाऱ्यांनी घेतलं. ट्राउटची काडीएवढी काठी, कमरेएवढं पाणी आणि चाळीस मिनिटं. मासा जाळ्यात आला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याचे दात पाहिले. सवय जाणार कशी? मी टेप लावली. चव्वेचाळीस इंच, दादा. लांबीवरून वजन काढायच्या आपल्या तक्त्याप्रमाणे एकतीस पौंड. पुन्हा लिहितो, एकतीस. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरलं, त्याचा श्वास परत येईपर्यंत, आणि तो माझ्या हातातून निघून गेला. मी रडलो. डॉक्टरही रडले (त्यांच्या बुटांत पाणी शिरलं होतं).

आता गंमत बघ. दोन वर्षांपूर्वी हॉटेलवाल्या रॉनल्डला मी याच गुन्ह्यासाठी नदीवरून हाकललं होतं. तो कळवळून म्हणत होता, "शपथ सांगतो, चुकून लागला रे!" मी चारचौघांत विचारलं, "चुकून लागलेला मासा वीस मिनिटं खेळवतात होय?" म्हणून आता हे फुटलं तर नोकरी जाईल, एल्डरपण जाईल आणि वर रॉनल्ड हसेल. डॉक्टरांना बायबलवर हात ठेवायला लावून काल संध्याकाळच्या गाडीत बसवलं. मीही तोंड शिवलं आहे. बाबांच्या नदीतला सर्वांत मोठा मासा माझ्या हाती लागला, हे मला ठाऊक आहे. तेवढं पुरे आहे.

तुझा धाकटा,
मर्डो

ता. क. – पुरे नाही. पत्र मिळेल त्या आठवड्यातल्या शुक्रवारी आठ वाजता (आमच्या आठला, तुमच्या नव्हे) रॉनल्डच्या हॉटेलात फोन कर. त्या वेळी सगळा गाव तिथे असतो. मी हवा आहे म्हण आणि रॉनल्डजवळ सहज बोलून जा, "एकतीस पौंडांबद्दल अभिनंदन करायचं होतं." खोटं काही बोलू नकोस. वार विचारलाच तर फोन नीट ऐकू येत नाही म्हण.

ता. क. – एफीने वाचलं. म्हणते, "फोनचा खर्च कशाला? काल रात्री झोपेत चार वेळा एकतीस ओरडलात, शेजारी ऐकू गेलं असेल."

ता. क. – मंगळवार. पाकीट बंद करणार तोच दारात आमचे पाळक. रविवारी पुलावर उभे राहून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं होतं. मी एल्डरपणाचा राजीनामा लिहायला कागदसुद्धा पुढे ओढला. त्यांनी दार लावून घेतलं, अगदी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मर्डो, गळाला पिसांची माशी कोणती बांधली होती?"

मी काळी सांगितली. रविवारच्या माशाबद्दल देवाची माफी मागेन, या थापेबद्दल मागणार नाही. खरी कोणती ते तुलाही लिहीत नाही. पत्रं फुटतात.