झिंग्याला माती दिली त्या सकाळी

संतपूर,
९ जानेवारी, शुक्रवार

पार्वतक्का,
लिंगम्माचे शरणु शरणार्थी. गुडघ्याला तेल लावतीस का न्हाई?

काल आधी आली ती मुलाची आई, बसव्वा, बीदरची. दुपारी येतो म्हणून सांगितल्यालं, अन् ही बाई सकाळीच अंगणात उभी. मागनं मुलगा काशप्पा, केळी घेऊन. अन् मी कुठं? बेलाच्या झाडाखाली. हातात विभूती, बाजूला नात दानी रडायलेली, अन् खड्ड्यात एक झिंगा.

हसू नको. माझ्या लेकानं, अमरनं, हैदराबादेहून आणलेली काचेची टाकी तुला ठावं हाय. आत हिरवी झाडं, लाकूड, अन् दोन झिंगे. "लिंगायताच्या घरात झिंगे?" म्हणून तूच नाक मुरडलंस. अगं, ते खायचे न्हाईत, बघायचे. कुणाला चावत न्हाईत, कुणामागं पळत न्हाईत. फिल्टरातनं पाण्याची धार येती तिथं लाकडावर उभारतात अन् पंख्यासारखे हात उघडतात. धारेसंगं बारीकसारीक येईल ते धरायचं, एकेक हात मिटून चाटायचा, पुन्हा उघडायचा. झोळी पसरून दारात उभारल्याला जंगमच जणू. मी कुकर लावून बघत बसते. डाळ कैकदा करपली.

तर काल त्यातला एक तळाला पडल्याला. मिशा, पाय, पंखे सगळं जागच्या जागी, पण हालंना. उमा न्हायला गेल्याली. पाव्हणे यायच्या दिवशी घरात मयत नको म्हणून मी गुपचूप काढलं. उकिरड्यावर कसं टाकू? अमरच्या हातचं. आपल्या रीतीनं बसवून माती द्यावी म्हणलं, तर ते बसंना, सारखं कलंडायचं.

बसव्वा म्हणाली, "आम्ही सोयरिकीला आलाव का मयतीला?"

दानीच डोळे पुसत म्हणाली, "आमचा झिंगा लिंगैक्य झाला."

तेवढ्यात उमा ओल्या केसांनी बाहेर आली, खड्ड्यात वाकून बघितलं, अन् हसायला लागली. पोट धरून. अक्का, अमर गेल्यापासनं हे हसू ह्या घरात ऐकलं नव्हतं. "अव्वा, ही नुसती कात हाय. टाकलीया त्यानं." सगळ्यांना आत नेलं, लाकडामागं दाखवलं. झिंगा जित्ता! कात टाकली की अंग मऊ राहतंय, म्हणून थोडे दिवस लपतोय म्हणं.

काशप्पा गुडघ्यावर बसून बघू लागला. त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान हाय, बायको वारल्याली. त्यानं इचारलं काय? "तिथं मागं त्याला खायला कसं मिळतंय?" बस, दुसरं काही न्हाई. उमा सांगत बसली, ह्यो ऐकत बसला. चहा गार.

आता तू म्हणशील, कोनती पोरगी बघायला आलते? इतका येळ लिहायला हात होईना. उमाच. माझी सून. घरातला फोन तिच्याच हातात असतोय, म्हणून तर कागद घेतला.

बसव्वानं इचारलं, "मुलीकडचं मोठं माणूस कोण?" उमाला आईबाप न्हाईत. मी म्हणाले, "मी."

"तुम्ही तर सासू."

"व्हय. अन् मीच बोलावलंय तुम्हाला."

बोलले खरं. मग भाकरी थापता थापता हात थांबला. दानी बी संगं जाईल, बरं का. काशप्पानं आपणहून म्हणलं, पोरगी आईजवळच पाहिजे. चांगलंच हाय की. उमा म्हणती, "टाकी हितंच राहू दे, अव्वा." मी म्हणाले, मला फिल्टर धुता येतंय व्हय? घेऊन जा. त्या जागी काय ठेवायचं ते अजून ठरवलं न्हाई.

तुमच्या चिंताकी गावात लोक बोलतील, तू बी बोलशील. बोल, पण हितं येऊन बोल. सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या आईनं एकटीनं बसू नये, बाजूला मावशी लागती. सैपाकाचं मी बघते. तू नुसती माझ्याजवळ बस. दूधवाल्या अमृतप्पाच्या गाडीनं हे धाडायलेय, त्याच गाडीनं परत ये.

निघताना काशप्पा म्हणाला, "चार दिवसांत झिंगा बाहेर आलेला असंल. आम्ही सोमवारी येताव."

तुझी धाकटी,
लिंगम्मा,
उमाची आई