माझ्या नावाचं रॅडिकल

४ मार्च
गणिताच्या विभागप्रमुखांनी बजावलं : शुक्रवारी सेमिनार द्या, त्यावरून तुमची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरेल. ठरू दे! माझ्याकडे नवंकोरं रॅडिकल आहे. इथे मला कुत्रं विचारत नाही, पण उद्या माझं आडनाव पुस्तकांत छापून येईल. रोज पहाटे उठून लिहिणार.

५ मार्च, सकाळी दहा
आत्ताच उठलो. डोकं चालायला झोप लागते.
सासूबाईंनी रॅडिकल म्हणजे काय ते विचारलं. सांगितलं, रिंग म्हणजे बेरीज-गुणाकार करणारं कुटुंब. त्यातले उपद्रवी घटक गोळा केले की झालं रॅडिकल. ते काढून टाकायचे, उरलेल्यांत एकही उपद्रवी नको. त्या म्हणाल्या, आमच्या घरात सुरुवात कुणापासून करायची ते मला ठाऊक आहे. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
व्याख्या पक्की. ज्याला कशाने तरी गुणलं की शून्य येतं, तो उपद्रवी. दोन उपद्रव्यांची बेरीजही उपद्रवी? दोन ओळींत सिद्ध! भल्याभल्यांना घाम फुटतो तिथे माझा चहासुद्धा गार झाला नाही. बायको म्हणाली, इतकं सोपं होतं तर आजवर कुणालाच कसं सुचलं नाही? पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

७ मार्च
शेजारच्या केबिनमधल्या मॅडम म्हणाल्या, एकदा साध्या पूर्णांकांवर करून बघा. ठणकावलं, उदाहरणं भित्र्यांना लागतात. जळतात मेल्या.

८ मार्च, दुपार
सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडला मॅडमचा हात वर. 'कशाने तरी' म्हणजे शून्यानेही चालेल का? म्हटलं, बेलाशक! माझ्याकडे भेदभाव नाही. त्या म्हणाल्या, मग शून्याने गुणून सगळ्यांचंच शून्य होतं. सगळेच उपद्रवी, सगळेच बाहेर. मागचे बाक हसले.
'शून्य सोडून' एवढंच लिहायचं राहिलं होतं. ते घातलं तर बेरीज कोसळते. सहाने भागून फक्त बाकी ठेवायच्या हिशेबात दोन त्रिक सहा म्हणजे शून्य, म्हणून दोन आणि तीन उपद्रवी, त्यांची बेरीज पाच मात्र सज्जन. हेही मॅडमनीच फळ्यावर दाखवलं. मी म्हणालो, सिद्धांत चुकीचा नाही, जरा जास्तच व्यापक आहे. प्रमुखांनी आभार मानले. नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

८ मार्च, संध्याकाळ
बायकोने विचारलं, किती प्रश्न आले? म्हटलं, एकच. ती धावत आईला सांगायला गेली, सगळ्यांना सगळं पटलं म्हणून. मी अडवलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडलो.
सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, जावईबापू, पाणी वाया जातंय.