जाहिरात तुझ्यासाठी होती

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून चक्रावली असशील. बाबांना फोन करायला काय धाड भरली होती? सांगतो. पण आधी कबुली देतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तू बसवून दिलेला तो जाहिराती अडवणारा पहारेकरी मी सोमवारी बंद केला. ओरडू नकोस. तो चालू असेपर्यंत काचा मागवायचं पान उघडेना, आणि एक आजोबा तासभर चष्म्याविना स्टुलावर ताटकळत होते. पानावर लिहिलं होतं, जाहिराती चालू करा. मी शहाण्या मुलासारख्या चालू केल्या.

काचांची ऑर्डर गेली आणि पडदाभर जाहिराती आल्या. मला वाटलं, फार तर गुडघेदुखीचं तेल विकतील. पहिलीच होती, 'तुमचे जन्मदाते कोण? थुंकीचा नमुना पाठवा, सहा आठवड्यांत कळवू.' मी हसलो. पान बदललं, तर 'दत्तक गेलेल्यांसाठी मोफत सल्ला.' हवामान बघायला गेलो, तिथेही तेच. ठमे, आजोबांची जुनी फ्रेम पुसत होतो, ती हातातून कधी पडली तेही कळलं नाही. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, जाहिराती माणूस बघून येतात, या मशीनवर खातं कुणाचं आहे? तुझं होतं. सुट्टीत दुकानात बसून काम केलंस, तेव्हा बंद करायचं राहिलं असणार. तू तिकडे खोलीचं दार लावून जे शोधतेस, ते इथे गिऱ्हाइकांसमोर उघडं पडलं होतं.

माझा संताप झाला. ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही, त्यांना तुझ्या मनातलं माझ्याआधी कळावं? दुरुस्तीवाल्याने विचारलं, तिने काय काय शोधलंय त्याची यादी काढून देऊ का? बघावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. पण तुझं खातं बंद करायला लावलं आणि भरदुपारी शटर ओढून आत बसून राहिलो. तेव्हा कळलं, लपवाछपवी करणारा पहिला तर मीच. तुझ्या दर वाढदिवसाला आई म्हणायची, आता तिला सांगू या. दर वेळी मीच शेपूट घातलं. सव्वीस वर्षं.

तर ऐक. हो. तू एकोणीस दिवसांची होतीस, तेव्हा आम्ही तुला घरी आणलं. तुला कुणी सांगितलं, कधीपासून हे एकटीने सोसते आहेस, काही कळत नाही. फोनवर मला रडू फुटलं असतं, आणि त्या यंत्रांवर आता माझा काडीचा विश्वास नाही. थुंकीबिंकी कुठे पाठवू नकोस. ज्या बाईने तुला जन्म दिला, तिने तुझ्या दुपट्यात एक पाकीट ठेवलं होतं. वर लिहिलंय, 'मोठी झाल्यावर तिलाच द्या.' ते आमच्या कपाटात आहे. आम्ही दोघांनीही ते आजवर फोडलेलं नाही. ये, आणि तूच फोड.

तुझाच,
तू म्हणशील तर, बाबा